बावी, बायी आणि गौरम्मा

एका खेड्यातली विहीर बुजवायची की ठेवायची, या भानगडीत माझी अक्कलदाढ कशी गुंतली ते एकदा लिहून काढायचं, असं निवृत्त झाल्यापासून मनात आहे. यंदा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "ताई, तुमच्या कामाबद्दल काहीतरी द्या, पण रडकं नको." आमचे हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "लिही, पण दाढेचं लिहू नकोस. लोक चकली खाताना वाचतात." आता दाढेशिवाय ही गोष्ट सुरूच होत नाही, त्याला मी काय करू?

मी मूळची साताऱ्याची. यांची नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात, म्हणून लग्न होऊन बंगळूरला आले आणि राजाजीनगरातच रुजले. मुलं मोठी झाल्यावर एका संस्थेत लागले. संस्थेचं काम काय, तर आसपासच्या खेड्यांमध्ये बायकांच्या पाणी समित्या उभ्या करायच्या, आणि उभ्या केलेल्या पुन्हा बसणार नाहीत एवढं बघायचं. हे काम म्हणजे नेमकं काय, ते मी सासरी-माहेरी इतक्या वेळा समजावलं की शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. त्या सगळ्यांना सांगायच्या, "ती नळाच्या ऑफिसात आहे." त्यामुळे आमच्या इमारतीत कुणाचाही नळ गळायला लागला की आधी माझी बेल वाजायची. शेवटी मी एक पाना विकत आणला आणि वायसर बदलायला शिकले.

तर काम असं. खेड्यात बोअरवेल असते, बोअरचं पाणी उंच टाकीत चढतं आणि टाकीतून गल्लोगल्ली पाइप जातात. सगळ्या गल्ल्यांना एकदम पाणी सोडलं तर कुणाचीच घागर भरत नाही, म्हणून पाळ्या लावायच्या. एक गल्ली उघडायची, बाकीच्या बंद. हे उघडबंद करणाऱ्या माणसाला तिकडे नीरगंटी म्हणतात. लांब लोखंडी चावी घेऊन तो गावभर फिरतो, आणि त्याच्या मागून अख्ख्या गावाच्या शिव्या फिरतात. कुणाची पाळी आधी, कुणाची जास्त वेळ, कुणाच्या मेहुण्याच्या गल्लीत पाणी जरा रेंगाळलं का, यावरच गावातली निम्मी भांडणं होतात. घागरी बायका भरतात, तेव्हा ठरवायचंही बायकांनी, असा नियम आला. कागदावर बायका लगेच आल्या. मीटिंगला मात्र नवरे यायचे. एका गावात मी विचारलं, "अध्यक्षा कुठे आहेत?" तर एक गृहस्थ मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मीच अध्यक्षा." मग मीटिंग संपेपर्यंत मी त्यांना 'अक्का' म्हणत राहिले. पुढच्या खेपेला त्यांनी निमूट बायकोला पाठवलं.

आता माझ्या कन्नडबद्दल. ऑफिसात हिंदीवर भागायचं, भाजीवाल्याकडे 'स्वल्प कमी करा' आणि 'सरी सरी', म्हणजे ठीक ठीक, एवढ्यावर. खेड्यात ते चालेना. म्हणून मी जिथे मिळेल तिथून कन्नड गोळा करत होते. नेमकी त्या सुमारास माझी अक्कलदाढ सुजली. आमच्या राजाजीनगरातले दाताचे डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांचा दवाखान्यातला शब्दसंग्रह ठराविक. रोज तेच. "बायी तेगी," म्हणजे तोंड उघडा. "बायी क्लीन माडबेकु," म्हणजे तोंड साफ करायला हवं. तोंड उघडं असल्यामुळे मला उलट बोलता यायचं नाही, नुसतं ऐकायचं. त्यामुळे ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात अशी पक्की बसली की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवली असती.

कन्नडमध्ये बायी म्हणजे तोंड. आणि विहीर म्हणजे बावी. एवढासा फरक!

गावाचं नाव सांगत नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांची रांग संपली की पुढे गुलाबाची शेतं लागतात, त्या बाजूचं एक गाव, एवढं पुरे. गावात मारम्मा देवीचं देऊळ, देवळामागे दगडी बांधणीची जुनी विहीर. विहिरीत प्लास्टिक, फुटक्या चपला, विसर्जन केलेल्या मूर्ती आणि कसला कसला गाळ. इकडे बोअर दर उन्हाळ्यात नुसती हवा फेकायची. मग बायका घागरी घेऊन लांबच्या एका शेतावर जायच्या. त्या शेताचा मालक आपल्या बोअरचं पाणी टँकर भरभरून शहरातल्या इमारतींना द्यायचा, आणि टँकर भरून झाला की या बायकांची पाळी. विहीर साफ झाली तर ही पायपीट आणि ही मिनतवारी संपणार होती. विहिरीला करंट लागत नाही, दोर लागतो, आणि दोर प्रत्येकीच्या घरी होता.

पाणी समितीची अध्यक्ष होती गौरम्मा. खरीखुरी, नवऱ्याशिवाय मीटिंगला येणारी. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की देवळातली घंटा वाजवायची गरज पडू नये. तरुणपणी ती बोम्मसंद्र्याला कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. शिवणयंत्रांच्या खडखडाटावर मात करत बोलायची सवय लागली ती लागलीच. पुढे नोकरी सुटली, घरी गाई आल्या, पण आवाज यंत्रं चालू असल्यासारखाच राहिला. आणि आवाजापेक्षा जास्त म्हणजे तिची जीभ. गावातला एकही पुरुष असा नव्हता, ज्याने तिच्याकडून एकदा तरी आपला उद्धार ऐकला नव्हता.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदाच गेलेली. एक गाल सुजलेला. देवळाच्या कट्ट्यावर गाव जमलेलं, समोर गौरम्मा. मी नमस्कार केला, आणि वाटभर घोकलेलं वाक्य तिच्याकडे बघून, नीट, मोठ्याने म्हटलं, "मोदलु निम्म बायी क्लीन माडबेकु!"

म्हणजे, आधी तुमचं तोंड साफ करायला हवं.

कट्ट्यावर चिडीचूप. मला वाटलं, मुद्दा पटला. गौरम्मा सावकाश उठून माझ्यासमोर आली. "काय म्हणालात?" तिला ऐकू आलं नसावं, असं वाटून मी आणखी खुलासा केला. म्हटलं, आत वर्षानुवर्षांची घाण साठलीय. वास लांबपर्यंत येतो. माणसं आत उतरवून गाळ काढावा लागेल. हाताने खरवडून दाखवलं सुद्धा!

पहिला हसला तो मुनियप्पा, गावाचा नीरगंटी. हसता हसता त्याच्या हातातली लोखंडी चावी त्याच्याच पायावर पडली. मग सगळा कट्टा खदखदायला लागला. पंचायतीचे अध्यक्ष नंजुंडप्पा, पांढरा शर्ट, पांढरी लुंगी, एरवी गंभीर माणूस, ते डोळे पुसत उठले आणि हात जोडून मला म्हणाले, "मेडम, हे बोलायची हिंमत आजवर या गावात कुणाला झाली नव्हती."

 काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं, काय ते कळेना. मी कळवळून देवळामागे बोट दाखवलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "अगं बाई, ती!"

गौरम्माने बोटाच्या रोखाने पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या सुजलेल्या गालाकडे. "ओ... बावी!" ती म्हणाली, आणि कट्ट्यावर मांडी ठोकून अशी हसली की देवळावरचे पारवे उडाले. हसून झाल्यावर म्हणाली, "बावीही साफ करू आणि बायीही करू. पण मेडम, बायी आधी साफ केलीत, तर बावीसाठी भांडणार कोण?"

तिथून आमची मैत्री जमली. मला एकच सवय तिच्यामुळे सोडायला लागली. आपण मराठी बायका उठता-बसता 'अगं बाई' म्हणतो. मी म्हटलं की गौरम्मा लगेच तोंडावर हात ठेवून विचारायची, "आता काय झालं माझ्या तोंडाला?" गावातल्या इतर बायका तेच करायला लागल्या. पुढे पुढे मी 'अय्यो' म्हणू लागले. घरीही. यांना आधी वाटलं मला बरं नाहीये.

खरी लढाई सुरू झाली ग्रामसभेत. नंजुंडप्पांच्या मनात विहिरीच्या जागेवर समुदाय भवन बांधायचं होतं. माणूस वाईट नव्हता हो. पोरंटोरं विहिरीत पडतील ही भीतीही त्यांना होती, आणि भवनावर आपल्या वडिलांचं नाव लागावं ही हौसही. त्यांनी उभं राहून सांगितलं, "बावी मुच्चोणा." म्हणजे, विहीर बुजवू या.

गौरम्मा बसल्या जागेवरून गरजली, "आधी तुमची बायी मुच्ची!"

आता कन्नडमध्ये 'बायी मुच्चु' म्हणजे 'तोंड बंद कर.' हे अध्यक्षांना, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर! गदारोळ झाला. पुरुष उभे, बायका उभ्या, मुनियप्पा आपला पाय सांभाळत मागे सरकलेला. नंजुंडप्पांचा चेहरा लालबुंद झाला, पण राजकारणात मुरलेला माणूस. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही बायका विहीर साफ करा. मेडमकडे पाणी तपासायची बाटली असते, तीत तपासा. पास झालं तर विहीर राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नापास झालं तर बावी बंद. आणि गौरम्मा, तुझी बायीही बंद. गावात एक शब्द बोलायचा नाही. आहे कबूल?"

मी तिचा पदर ओढला. "गौरम्मा, नको." ती माझ्याकडे न बघता मारम्माच्या देवळाकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "सरी. देवीची शपथ."

मला तिचा रागच आला. पैज काय लावायची ती जिभेची? त्या गावात बायकांच्या वतीने बोलणारी ती एकच जीभ होती. विहीर गेली असती तर दुसरी सोय काहीतरी झाली असती, पण गौरम्मा गप्प बसली असती तर समिती त्याच दिवशी संपली असती.

विहिरीतला गाळ काढायला विहिरी खोदणारे जुने कारागीर आणले. बायका दोर ओढायला. आतून काय काय निघालं! मूर्ती, मोबाइल, निवडणुकीचा फलक, आणि एक पितळी घागर. ती घागर बघून दोन जावा एकदमच ओरडल्या. थोरलीने ती घागर चोरल्याचा आळ धाकटीवर घेतला होता आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. घागर बघून दोघी गळ्यात पडून रडल्या. मग ती आता कुणी न्यायची यावरून तिथेच पुन्हा भांडल्या. गौरम्माने दोघींना झापलं आणि घागर देवळात ठेवून दिली.

मग तळाच्या दगडांतून पाणी झिरपायला लागलं. चांगलं नितळ. गौरम्मा काठावर वाकून बघत होती आणि चक्क गप्प होती, डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. म्हटलं, जिंकलो.

पाणी तपासायचं म्हणजे काय, तेही सांगते. आमच्याकडे छोट्या काचेच्या बाटल्या असतात, आत औषध असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेला ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बाटली होती तशी फिकट दिसली तर ठीक. काळी पडली तर पाण्यात नको ते जंतू आहेत, पिऊ नका. पोराला सुद्धा कळतं. त्यामुळेच गावाचा त्या बाटलीवर भरवसा असतो. मी नियमाप्रमाणे आधी बायकांना विचारलं, "साफ केल्यानंतर विहिरीत कुणी काही टाकलं नाही ना?"

सगळ्या एकसुरात म्हणाल्या, "काही नाही मेडम!" गौरम्मा तर दुखावलीच. "टाकू कशा? कुणी थुंकलं असतं तरी मी त्याला आत ढकलला असता."

बाटली कुठे ठेवायची यावरही तंटा झाला. अध्यक्षांकडे नको म्हणून बायका, गौरम्माकडे नको म्हणून पुरुष. अखेर दूध डेअरीतल्या फळीवर ठेवली, तिथे ऊबही होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लक्षही. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा डेअरीसमोर गाव जमलं होतं. बाटली काजळासारखी काळी झाली होती.

नंजुंडप्पा जिंकले होते, पण हसले नाहीत, तेवढं त्यांचं चांगलं. गौरम्माने बाटली हातात घेऊन उन्हात धरली, पुन्हा पुन्हा बघितली. मग जागेवर ठेवली, पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि घराकडे चालायला लागली. मी मागे धावले. "गौरम्मा, पुन्हा तपासू, एका बाटलीने काही होत नाही." ती थांबली, माझ्या गालावर हात ठेवला आणि मान हलवली. शपथ देवीची होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, तेव्हा कंडक्टरने तिकीट न मागता नुसतं फाडून मांडीवर ठेवलं.

त्यानंतर गावात काय झालं ते मला फोनवरून कळत होतं. आमच्या समितीने पाळ्या ठरवल्या होत्या हे खरं, पण त्या चालत होत्या गौरम्माच्या गळ्यावर. सकाळी टाकीखाली उभी राहून ती हाळी द्यायची, "मारम्मा गल्ली, बिंदिगे काढा!" बिंदिगे म्हणजे घागरी. की बायका दारात. "बंद कर मुनियप्पा, आता शाळेची गल्ली!" की चावी फिरली. मुनियप्पाने स्वतः कधी काही लक्षात ठेवलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. आता तो आपल्या मनाने चावी फिरवायला लागला. शाळेच्या गल्लीत पाणी रस्त्यावरून वाहायचं, कुणाला पत्ताच नाही. मारम्मा गल्लीतल्या बायका घागरी मांडून बसायच्या, नळ कोरडा. डेअरीच्या गल्लीला भर दुपारी पाणी आलं तेव्हा सगळे शेतात. आणि अध्यक्षांच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठला, यावर मुनियप्पाची दोन मतं होती आणि दोन्ही चुकीची होती. गावातले जे पुरुष गौरम्माच्या आवाजाला कावलेले असायचे, तेच सकाळी उठून कान देऊन बसायला लागले. ती दारात उभी राहून सगळं बघायची आणि पदर तोंडाला.

एक दिवस सकाळी चहा करताना मी सहज फोनवर लोकांचे स्टेटस बघत होते. गौरम्माच्या सुनेने विहिरीच्या गंगापूजेचा व्हिडिओ टाकला होता. हार, नारळ, वाजंत्री. विहीर साफ झाल्यावर, मी बाटली घेऊन जायच्या आदल्या दिवशी झालेली पूजा. मी कौतुकाने बघत होते आणि एकदम हातातली सांडशी खाली पडली. पुजारी मंत्र म्हणतायत, आणि विहिरीत धार धरून काहीतरी ओततायत. दूध. दही. मग तूप. मग गोमूत्र. मग शेण कालवलेलं पाणी. पंचगव्य! विहीर शुद्ध व्हावी म्हणून अख्खी चरवी!

मी तिथूनच सुनेला फोन लावला. "अगं, मी विचारलं होतं ना, काही टाकलं का म्हणून?"

ती म्हणाली, "मेडम, टाकलं कुठे? अर्पण केलं."

 चूक माझीच, शब्द चुकीचा वापरला. मी स्वतः दरवर्षी सत्यनारायण घालणारी बाई, मला तरी कोणी 'प्रसाद टाकला' म्हटलं असतं तर खपलं असतं का? यांना म्हटलं, "मी निघाले." हे म्हणाले, "चहा तरी घे." चहा गॅसवरच राहिला.

गावात पोचले तर टाकीखाली ही गर्दी. नंजुंडप्पांच्या मुलीचा साखरपुडा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नळाला थेंब नाही. अध्यक्ष स्वतः बादली घेऊन आले होते. एका गालावर दाढीचा साबण, दुसरा गाल कोरडा. मुनियप्पा एकेक व्हॉल्व्ह फिरवून बघत होता, भलतीकडेच पाणी उसळत होतं. गौरम्मा आपल्या उंबऱ्यावर उभी. नंजुंडप्पा तिच्यासमोर गेले आणि साबणाच्या गालाने, अख्ख्या गावादेखत म्हणाले, "गौरम्मा, बायी बिडम्मा!" म्हणजे, बाई, तोंड उघड, बोल काहीतरी.

तिने मान हलवली आणि देवळाकडे बोट दाखवलं. शपथ.

"अण्णा, थांबा!" मी गर्दीतून वाट काढत पुढे झाले आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते बघायला लागले. सगळे त्यांच्या खांद्यावरून बघायला लागले. मी सांगितलं, हे विहिरीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी बाटली भरली. काळी नाही होणार तर काय?

"कुणी ओतलं हे?" नंजुंडप्पा संतापून म्हणाले. तेवढ्यात व्हिडिओत पुजारी जरा बाजूला झाले आणि मागचे यजमान दिसले. कमरेला उपरणं, दोन्ही हातांत चरवी, चेहऱ्यावर अपार भक्ती. गावाचे अध्यक्ष, पूजेला मान त्यांचाच.

नंजुंडप्पांनी फोन जरा लांब धरला, मग जवळ. "पण... हे तर शुद्ध करायला होतं ना?"

"देवीसाठी शुद्ध झालं अण्णा," मी म्हटलं, "बाटलीला ते कळत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मुनियप्पाच असणार. नंजुंडप्पांनी साबणाचा गाल खांद्याला पुसला. "बरं," ते म्हणाले, "ती तपासणी धरू नका. पुन्हा करा. पण आत्ता पाणी, पाहुणे... गौरम्मा, आता तरी बोल!"

गौरम्मा उंबऱ्यावरून उतरली. चालत त्यांच्यासमोर आली. तोंडावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला. सगळं गाव तिच्या ओठांकडे बघत होतं.

"मोदलु बावी," ती म्हणाली. आधी विहीर.

नंजुंडप्पा मुकाट देवळाकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "विहीर राहील. पाणी पास झालं तर झालं, नाही झालं तर होईपर्यंत साफ करू. देवीची शपथ." ते म्हणून होतंय तोवर इकडे धरण फुटलं. "मुनियप्पा! डोळे आहेत की कवड्या? ती शाळेची गल्ली बंद कर आधी! मारम्मा गल्ली, बिंदिगे काढा! अध्यक्षांची गल्ली सगळ्यात शेवटी, पाहुणे थांबतील!" इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं, मुनियप्पाचे पूर्वज, मुनियप्पाची बुद्धी, कुणाकुणाचे मेहुणे. नंजुंडप्पा रिकामी बादली घेऊन ऐकत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू सनई ऐकतायत.

विहीर पुन्हा उपसली, ब्लीचिंग पावडर घातली, थांबलो, परत उपसली. या खेपेला मी शिकले होते. विचारलं, "टाकलं, ओतलं, अर्पण केलं, वाहिलं, यातलं काही?" पुजाऱ्यांना गौरम्माने आधीच सांगून ठेवलं होतं की पूजा काठाच्या दगडाची करा, गंगा आतून बघेल. बाटली डेअरीच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती होती तशीच फिकट होती. समुदाय भवन पुढे शाळेशेजारी झालं, वडिलांच्या नावासकट.

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात सगळीकडे असं झालं असं समजू नका. कितीतरी गावांत मिशीवाल्या 'अध्यक्षा' अजून आहेत. कितीतरी विहिरी मी असताना बुजल्या, आणि त्यावर आता दुकानं आहेत. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच इमारतीत टँकर आला. ड्रायव्हरला विचारलं, कुठून भरला? तर त्याने गुलाबाच्या शेतांच्या बाजूचं नाव सांगितलं. मी त्या दिवशी बादलीभर पाण्यात भांडी, कपडे, आंघोळ सगळं उरकलं, आणि यांनाही तेच करायला लावलं. हे चिडले. मी खुलासा केला नाही.

निवृत्त झाले तेव्हा गावाने निरोप समारंभ ठेवला. नव्या भवनात, नंजुंडप्पा अध्यक्षस्थानी, हार, म्हैसूर पाक, सगळं. हेही आले होते, पहिल्यांदाच. भाषणाला गौरम्मा उभी राहिली आणि माइक बाजूला सारला, तिला कशाला लागतोय? कन्नडमध्ये बोलत होती, मी यांच्या कानात मराठी करून सांगत होते.

"ही मेडम पहिल्यांदा आली," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्या गावासमोर मला म्हणाली, आधी तुझं तोंड साफ करायला हवं. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं का?" सगळे हसले. ती माझ्याकडे वळली. काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. त्या गळ्यातून मी पहिल्यांदाच बारीक आवाज ऐकला.

"अक्का, बावी क्लीन आयतु," ती म्हणाली. "बायी हंगे इदे."

हे माझ्याकडे बघून विचारत होते, "काय म्हणाली?" मी आधी डोळे पुसले, मग सांगितलं. विहीर साफ झाली. तोंड आहे तसंच आहे.